पिवळी तीज आणि आभाळातला गोळा

मी एक जुना गोळा आहे आणि आभाळातून पडलेला आहे, एवढं सांगितलं की बरेच जण दोन पावलं मागे सरकतात. मित्रांनो, तुम्ही सरकू नका. सध्या मी यवतमाळच्या एका कॉलेजात, विज्ञानाच्या खोलीत, काचेच्या पेटीत बसलेलो असतो. रंग करपलेल्या तव्यासारखा, आकार मोठ्या कलिंगडाएवढा, वजन सात किलो. एका बाजूला चांगला खोलगट पोचा आहे. माझ्याजवळ वाळलेल्या गव्हाच्या रोपांची एक जुडी ठेवलेली आहे. मला बघून झालं की लोक हमखास विचारतात, "हे गवत इथे कशाला?" खरं तर माझी अर्धी गोष्ट त्या गवताचीच आहे.

माझा जन्म एका दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला. टायटॅनियम नावाच्या हलक्या पण हट्टी धातूच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून मला घडवलं आणि माझ्या पोटात हेलियम वायू ठासून भरला. उपग्रहाच्या टाकीतलं इंधन मागून ढकलायचं, एवढंच माझं काम. पण त्यासाठी माझ्या किती परीक्षा झाल्या म्हणून सांगू! पाण्यात बुडवलं, क्ष-किरणांखाली धरलं, गरम केलं, गार केलं. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने मला टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. त्या दिवशी माझी छाती जी फुगली ती बरीच वर्षं खाली बसली नाही.

मग मी एका उपग्रहाच्या पोटात बसून वर गेलो. जमिनीपासून सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवर आम्ही पृथ्वीभोवती दिवसाला पंधरा फेऱ्या मारायचो. सोबतीला एक कॅमेरा होता, एक संगणक होता आणि उन्हातून वीज करणारे दोन लांबलचक सौरपत्रे होते. कॅमेरा ढगांचे फोटो काढायचा. मी आपला इंधन ढकलायचो आणि बाकी वेळ इकडेतिकडे बघायचो. मला सगळ्याची चौकशी करायची फार सवय. खाली हे काय चमकतं, तो धूर कशाचा, रात्री समुद्रात दिवे कोणाचे? उत्तर द्यायला मात्र कोणी नसायचं.

वर आभाळात सगळं रिकामं असेल असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. पण तिथे सूर्याकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेले अतिशय बारीक कण भन्नाट वेगाने धावत असतात. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांतल्या पुष्कळांना परतवून लावतं आणि काहींना धरून आपल्याभोवती कोंडून ठेवतं. मोकाट जनावरांचा असतो तसा हा कणांचा कोंडवाडाच म्हणा. ब्राझील देशाच्या बाजूला हा कोंडवाडा जरा खाली झुकलेला आहे. आमची वाट दिवसातून काही वेळा त्यातूनच जायची.

तिथे शिरलो की संगणकाची पंचाईत व्हायची. एखादा कण त्याच्या स्मृतीतून आरपार गेला की शून्याचा एक होऊन बसायचा. एकदा तर आपण उलटे फिरतो आहोत अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली आणि सगळं काम बंद करून टाकलं. जमिनीवरच्या माणसांनी दोन दिवस खटपट करून त्याला ताळ्यावर आणलं. कॅमेऱ्याच्या फोटोंवर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके पडायचे. सौरपत्रे तर त्या माऱ्याने वर्षागणिक थकत चालले होते. मला काहीच होत नव्हतं. मी मनातल्या मनात सगळ्यांना हसत होतो, हे कबूल करतो.

आणि मग एक दिवस एक कण थेट माझ्याच एका अणूच्या गाभ्यावर आदळला. गाभ्याचे तुकडे उडाले. जो उरला तो टायटॅनियम नव्हताच, स्कँडियम नावाचा भलताच धातू झाला होता. हा नवा अणू स्वस्थ बसेना. काही दिवसांनी त्याने आपल्यातला एक किरण बाहेर फेकला आणि मगच तो शांत झाला. माझं हसणं तिथेच थांबलं. म्हणजे हे कण नुसते मारा करून जात नव्हते, मला स्वतःलाच किरण फेकायला शिकवून जात होते!

असे अणू माझ्यात किती झाले असतील? चिमूटभर? की मी आतून पुरता नासलो आहे? मोजायला कोणी नव्हतं. पुढे हेलियम संपला, उपग्रह बंद पडला, खालच्या माणसांनी आमच्याशी बोलणं सोडलं. बावीस वर्षं हा एकच प्रश्न पोटात घेऊन मी फिरत राहिलो.

हळूहळू आमची उंची कमी झाली. आषाढातल्या एका संध्याकाळी दाट हवेने आम्हाला गाठलं. कॅमेरा, संगणक, सौरपत्रे, सगळे माझ्या डोळ्यांदेखत वितळले. मला फार वाईट वाटलं. हट्टी धातूचा म्हणून मी तेवढा उरलो. ढगांतून खाली आलो आणि बाभुळगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याच्या शिवारात, मानीबाईच्या कपाशीत दाणकन पडलो. पडताना विहिरीजवळच्या दगडांच्या ढिगावर आपटलो. माझा हा पोचा तिथलाच.

मानीबाई निंदण आटोपून घरी निघाली होती. तिच्यापासून वीस पावलांवर चिखल उडाला.

"व माय! काय पडलं वं हे?" ती ओरडली.

बांधावरून तिची मुलगी संगीता धावत आली. ती यवतमाळच्या याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकायची. "याडी, हात नको लावू त्याले!" ती म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. "आधी पोलिसायले कळवू. आत काय भरलं असन ते आपल्याले ठावं नाई." इतक्या लोकांनी मला पाहिलं, पण शहाणपणाचं पहिलं वाक्य तिचं होतं.

दोन दिवसांनी पोलीस आले, पंचनामा झाला. वरच्या कचेरीतली माणसं येईपर्यंत मला विहिरीजवळच्या टिनाच्या खोलीत ठेवायचं ठरलं. खोलीची किल्ली तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, पूनमसिंग यांच्याकडे दिली. या दोन दिवसांत मात्र धो धो पाऊस झाला होता आणि माझ्या अंगावरून वाहिलेलं पाणी विहिरीत झिरपलं होतं. शेजारच्या वावराचे पंजाबराव मोबाइल नाचवत आले.

"अणूचं हाय ते. हे पाहा, व्हिडिओ आला. अशा गोळ्याजवळचं पाणी पेलं का मानसाची हाडं नरम पडतेत."

झालं. विहिरीवरचा दोर काढून घेतला, तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या. मानीबाई लांबच्या हापशीवरून पाणी आणू लागली. काहून घाबरता असं ती लोकांना विचारू शकत नव्हती, कारण तिलाही भीती वाटतच होती. आणि मला? मित्रांनो, मला तोंड असतं तरी मी काय सांगणार होतो? मी विषारी नाही असं छातीठोकपणे सांगायला मलाच कुठे माहीत होतं!

हे सगळं झालं ते श्रावणाच्या तोंडावर. तांड्यात श्रावणात तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत माती आणि खत घालून गहू पेरतात, टोपल्या नायकाच्या अंगणात मांडतात आणि नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. कोणाची तीज कशी तरारली यावर सगळ्या तांड्याचं लक्ष असतं. या तीजेचं पाणी दरवर्षी मानीबाईच्या विहिरीचं असायचं. संगीताचं लग्न दिवाळीनंतर कळंबकडच्या एका तांड्यात ठरलेलं होतं. लग्न झालं की मुलगी तीज पेरत नाही. म्हणून ही तिची शेवटची तीज होती, आणि विहिरीवर काट्या पडलेल्या होत्या.

पूनमसिंग नायक माणूस वाईट नव्हता. न्यायनिवाडा करताना दोन्ही बाजू ऐकायचा. त्याने ठरवलं की माझीही परीक्षा घ्यायची, आणि ती तांड्याच्या रीतीने.

"तीज खोटं बोलत नाई," तो म्हणाला. "त्याच इहिरीचं पाणी घालू, त्या गोळ्यापाशीच टोपलं ठेवू. चांगली आली त पाणी चांगलं."

टोपलीत गहू पेरून त्यावर विहिरीचं पाणी भरपूर घातलं. नायकाने दार थोडंसं उघडून लांब बांबूने ती टोपली माझ्यापर्यंत ढकलली, दार लावलं आणि कुलूप घातलं. मला हसू आलं. पण तेवढाच आनंदही झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला शेजार दिला होता.

सहा दिवस आम्ही दोघं त्या काळोखात होतो. गहू फुगला, मोड आले, कोंब वर निघाले. त्यांची भराभर वाढ होत होती, मला कौतुक वाटत होतं. सातव्या दिवशी दार उघडलं. नायकाने बांबूच्या आकड्याने टोपली बाहेर ओढली आणि जमलेल्या लोकांतून एकच आवाज उठला. कोंब लांब होते, लुळे होते आणि हळदीसारखे पिवळेधमक होते.

"पाह्यलं? तीज पिवळी पडली!" पंजाबराव म्हणाले. "आता अजून कायची वाट पाह्यता?"

नायकाचा चेहरा उतरला. सोमवारी जेसीबी बोलावून विहीर बुजवायची असं ठरलं.

मानीबाई चिखलातच खाली बसली. "हरिसिंगनं आन मी दोन उन्हाळे खणली ते," ती म्हणाली. हरिसिंग तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी वारलेला. "हे पोट्टी पळसाखाली झोळीत असे. दगड अजूनई तिथंच पडून हायेत. आन तुमी ते एका दिवसात बुजवता?"

मी टिनाच्या खोलीत होतो, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. तेव्हा मला फार वाटलं, आपणही त्या कॅमेऱ्याबरोबर वितळून गेलो असतो तर बरं झालं असतं.

संगीता मात्र टोपलीकडे टक लावून बघत होती. "काका, एक इचारू? तीज कधी बंद खोलीत ठेवतेत का?"

"नाई ठेवत. आंगणातच असते."

"मंग अंधारात ते कशी येते, हे आपल्यापैकी कोनं पाह्यलं हाय?"

नायकाने मिशीवरून हात फिरवला. खरंच, पाहिलं कोणी होतं? पिढ्यान्‌पिढ्या तीज अंगणात उन्हातच वाढलेली. ती अंधारात ठेवायचं कोणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"शिकली म्हनून आमाले शिकवून राह्यली का?" पंजाबराव म्हणाले.

"नाई जी. तेच टोपलं परत गोळ्यापाशी ठेवा, तेच पाणी घाला. फक्त वरचं एक टिन काढा, उजेड येऊ द्या. गोळ्यानं पिवळी पडली असन त अजून पिवळी पडन. अंधारानं पडली असन त हिरवी होईन."

"आन नाई झाली त?" नायकाने विचारलं.

संगीताने आईकडे पाहिलं. "त सोमवारी जेसीबीपुढं मी आडवी येनार नाई."

टोपली परत आत आली. छपराचं एक टिन निघालं आणि माझ्या अंगावर श्रावणातला मळकट उजेड पडला. मित्रांनो, बावीस वर्षांत मी पृथ्वीभोवती लाखाहून जास्त फेऱ्या मारल्या, पण ते दोन दिवस मला त्याहून मोठे वाटले. पहिल्या दिवशी मी कोंबांवरून नजर हलवली नाही. संध्याकाळपर्यंत टोकांवर काहीतरी वेगळं दिसतंय असा भास झाला. भासच असेल म्हणून मी मन आवरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भास उरला नव्हता. टोपली हिरवी झाली होती! अगदी माझ्या अंगाला टेकलेले कोंबसुद्धा हिरवे झाले होते.

सोमवारी नायकाने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात बांबू नव्हता. मागे बांधावर जेसीबी घुरघुरत होता. नायकाने वळून हात वर केला आणि तो बंद करायला लावला.

मानीबाई लगेच काट्या उचलायला निघाली. पण संगीताने तिचा हात धरला. "थांब याडी. पिवळं काहून झालं, एवढंच समजलं आपल्याले. पाण्यात काय हाय, ते अजून नाई समजलं. मोजल्याशिवाय घोटभरही प्यायचं नाई." मला तिचा तेव्हा थोडा रागच आला. आता वाटतं, तिच्यासारखी सरळ बुद्धी फार थोड्यांकडे असते.

दुपारी तिच्या कॉलेजातल्या दीपमाला मॅडम आल्या. तहसीलची परवानगी काढून, किरण मोजायचं एक छोटं यंत्र घेऊन त्या आल्या होत्या. त्यांनी ते बांधावर सुरू केलं आणि यंत्र टिक, टिक, टिक वाजू लागलं. निम्मी गर्दी तिथूनच पळाली.

"अहो, पळता कायले?" मॅडम हसल्या. "मी तर अजून गोळ्यापासून लांब आहे. थोडं टिकटिक सगळीकडेच असते. मातीत असते, दगडात असते, तुमच्या माझ्या अंगातही असते. बांधावर मिनिटाला पंधरा वाजले, लक्षात ठेवा."

मग त्या माझ्याजवळ आल्या. आधी त्यांनी मला टाकीशी जोडणारी तुटलेली नळी तपासली. अशा टाक्यांत कधी कधी विषारी इंधन उरलेलं असतं, म्हणून संगीताने हात लावू दिला नाही हे फार बरं केलं, असं त्या म्हणाल्या. माझं पोट रिकामं होतं. मग यंत्र माझ्या अंगाशी धरलं. माझा प्रश्न, बावीस वर्षांचा! मी श्वास रोखला म्हणालो असतो, पण मला श्वास नाही. मिनिटाला सोळा. पुन्हा मोजलं, चौदा. बांधावर होतं तेवढंच.

"मॅडम, यंत्र बिघडलं असन," पंजाबराव म्हणाले.

मॅडम यंत्र घेऊन तांड्यात गेल्या; पुढचं मी नंतर लोकांच्या तोंडून ऐकलं. नायकाने नुकताच घरापुढे तेलंगणातल्या ग्रॅनाइटचा गुळगुळीत ओटा बांधला होता, त्यावर बसून तो निवाडे करायचा. तो सवयीने ओट्यावर टेकला आणि मॅडमनी यंत्र त्याच्या शेजारी ठेवलं. मिनिटाला सव्वीस! नायक टुणकन उठून उभा राहिला. "बसा, बसा. काही होत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे इतक्या दिवसांनी तांडा पोट धरून हसला. मानीबाई तर डोळे पुसत हसत होती.

विहिरीच्या पाण्याची बाटली मॅडमनी तपासणीला पाठवली. राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी अहवाल आला, पाणी चांगलं होतं. काट्या निघाल्या, दोर लागला. विहिरीचा पहिला घडा संगीताने काढला. पुढचे नऊ दिवस गाणी माझ्यापर्यंत ऐकू येत होती. मला त्यांतले शब्द कळले नाहीत, पण तिचा आवाज मी ओळखायला शिकलो होतो.

तीजेच्या शेवटच्या दिवशी मुली रोपं उपटून नायकाच्या आणि भावांच्या पागोट्यात खोवतात आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. त्याच दिवशी मला न्यायला सरकारी जीप आली. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला पेटीत ठेवलं. झाकण लावणार तोच मानीबाई पुढे आली. तिच्या हातात संगीताच्या टोपलीतली मूठभर हिरवी तीज होती.

"सायेब, महिनाभर माह्या वावरात राह्यला थो. रिकामा कसा पाठवू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तीज पेटीत ठेवू दिली.

पुढे एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत मला शिशाच्या जाड पेटीत बंद करून कित्येक दिवस मोजलं. ते यंत्र फार तीक्ष्ण कानाचं होतं. त्याला माझ्यातले स्कँडियमचे अणू सापडले. म्हणजे मी म्हणत होतो ते खोटं नव्हतं! पण ते इतके थोडे होते की तिथल्या बाई म्हणाल्या, याच्या जागी डझनभर केळी ठेवली तर जास्त आकडा येईल. चौऱ्याऐंशी दिवसांत त्यातलेही निम्मे शांत होणार होते, पुढच्या चौऱ्याऐंशी दिवसांत उरलेल्यातले निम्मे. माझा मोठेपणा केळ्यांनी उतरवला, हे थोडं लागलं. मग त्या बाईंनी गंमत म्हणून तीजही मोजली. ती पण बारीकशी टिकटिकली. केळ्यांत असतं तसं सगळ्या झाडाझुडपांतही थोडंसं असतं म्हणे. तेव्हापासून आम्हा दोघांना कोणी वेगळं केलेलं नाही. ज्यांचा उपग्रह त्यांनी मला परत मागितलं नाही आणि दीपमाला मॅडमनी मात्र पत्रावर पत्रं लिहिली, म्हणून मी इथे आलो.

मित्रांनो, माझ्यासारखं काही तुमच्या शिवारात पडलं तर त्याला हात लावू नका, लांब उभे राहा, पोलिसांना कळवा. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही माझी भीती वाटत होती. फक्त त्या भीतीने कोणाची विहीर बुजवायला निघालात तर जरा थांबा, आणि हे मोजलं कोणी, एवढं विचारा.

गेल्या महिन्यात मानीबाई आली होती. सोबत माहेरी आलेली संगीता होती. मॅडमनी पेटी उघडली. इतके दिवस मी मानीबाईच्या वावरात होतो, पण तिने मला कधी हात लावला नव्हता. तिने आपला खरबरीत तळवा माझ्या पोच्यावर ठेवला, तिच्याच विहिरीतल्या दगडांनी पडलेल्या पोच्यावर, आणि तसाच राहू दिला.

"गार हाय वं, पोरी," ती म्हणाली. "आपल्या इहिरीच्या पान्यावानी."